ओदिलियाचा नंबर

तोकावितातल्या बायकांची सायकल शर्यत कोण जिंकणार, हे चौघींना आधीच ठाऊक असायचं, आणि त्या चौघी म्हणजे शर्यतीत उतरणाऱ्या चारही बायका. बाकीचं गाव, पाद्री, भोंग्यावरचा निवेदक, पारावर पैजा लावणारे म्हातारे, हे सगळे दरवर्षी घसा फोडून ओरडायचे. ओरडू देत बिचारे. जत्रेला आलेल्या माणसाने ओरडायचं नाही तर काय करायचं?

ही युक्ती ओदिलिया सियाचोकेची. सात वर्षांपूर्वी बायकांची शर्यत सुरू झाली तेव्हा पहिली दोन वर्षं नुसती मारामारी होती. बक्षिसाच्या कोंबडीसाठी बेकरीवाल्या मार्लेनचा पुढचा दात पडला, ब्लांकाने कुणाच्या तरी चाकात छत्री घातली. मग ओदिलियाने सगळ्यांना आपल्या चुलीपाशी बसवलं, गुळाचं गरम पाणी पाजलं आणि म्हणाली, भिशी कशी लावतो आपण? तशीच ही लावायची. आज हिचा नंबर, उद्या तिचा. जिचा नंबर ती जिंकणार, बाकीच्यांनी मागून यायचं, आणि शेवटच्या वळणापर्यंत असं यायचं की बघणाऱ्याला वाटलं पाहिजे जीव चाललाय. चौघींनी माता कार्मेनच्या तसबिरीवर हात ठेवून शपथ घेतली. देवाला या लबाडीत कशाला ओढलं, हे कुणी विचारलं नाही.

आसपासच्या गावांच्या जत्रांतल्या लहान शर्यतींची यादी वेगळी होती. जुलैतल्या कार्मेनच्या जत्रेची वेगळी. कारण कार्मेनची शर्यत मोठी. बक्षीस मेंढी, आणि जिंकणारीचं नाव नगरपालिकेच्या दारातल्या लाकडी फळ्यावर कोरायचे. त्या फळ्यावर मार्लेनचं नाव दोनदा होतं, ब्लांकाचं दोनदा होतं, गुडघ्याने घरी बसलेल्या एर्मेलिंदाचंसुद्धा होतं. ओदिलियाचं एकदाही नव्हतं. ज्या वर्षी तिचा नंबर होता त्या वर्षी घाटात दरड कोसळली आणि शर्यत रद्द झाली. मार्लेन म्हणाली, पुढच्या वर्षी घ्या तुम्ही. पण नियम ओदिलियाचाच होता की बुडाला तो नंबर बुडाला. तिने स्वतःचा नियम स्वतः गिळला आणि परत चार वर्षं रांगेत उभी राहिली. गावाला ती कडक वाटायची, आणि होतीच.

ओदिलिया त्रेचाळीस वर्षांची. ठेंगणी, रुंद, मांड्या ओंडक्यासारख्या. दहाव्या वर्षापासून तिने दुधाच्या दोन किटल्या सायकलला बांधून चढावरच्या संकलन केंद्रात नेल्या. रस्त्यात पोरं शर्यत लावायची, ती किटल्यांसकट पुढे जायची. एकोणीस वर्षांची असताना एकदा शहरातला एक प्रशिक्षक पोरं निवडायला गावात आला होता. त्याने तीन पोरं नेली. त्या तिघांना ती रोज सकाळी मागे टाकत होती. तिच्याकडे त्याने बघितलं ते एकदाच, दूध विकत मिळेल का विचारायला. ही गोष्ट ती हसून सांगायची. नवरा आर्नुल्फो त्यावर म्हणायचा, "बरं झालं नाही नेलं. गाई कुणी पिळल्या असत्या?" आणि तीही हसायची. ते हसणं मी ऐकलंय. कुणाच्या वाट्याला येऊ नये.

मारिबेलचं प्रकरण सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मारिबेल नावाची एक तरणी मुलगी शेजारच्या वस्तीतून शर्यतीला आली. तिला नंबर वगैरे सांगितलं तर ती तोंडावर हसली आणि म्हणाली, मी जिंकायला आलेय, पंगतीला नाही. उतारावर ओदिलिया तिच्या डाव्या बाजूला गेली, मार्लेन उजव्या बाजूला, ब्लांका मागे. कुणी तिला हात लावला नाही. फक्त तिघी हळूहळू रस्ता अरुंद करत गेल्या, आणि वळण आलं तेव्हा मारिबेलसाठी रस्ताच उरला नव्हता. ती खाजकुयलीच्या चरात पडली. खांद्याचं हाड मोडलं. ओदिलिया थांबली, तिला बाहेर काढलं, आपली लोकरी घोंगडी तिच्या अंगावर टाकली आणि म्हणाली, "लागलं का हो तुम्हाला? जपून चालवावी." आमच्या बोयाका प्रांतात नवरा-बायको, मायलेकी, मालक-गडी सगळे एकमेकांना अहो-जाहोच करतात. गाईलासुद्धा "सरका बरं" म्हणतात. गळा दाबतानाही आमचा आदर सुटत नाही.

एर्मेलिंदाचा गुडघा गेला तेव्हा चौथी बाई हवी होती, कारण चारपेक्षा कमी नावं आली तर बायकांचा गटच रद्द होतो. ओदिलियाने आपल्या भाचीचं नाव घातलं. यामिले तिच्या बहिणीची मुलगी. बहीण राजधानीत धुणीभांडी करायला गेली, तिथे दुसरं घर मांडलं आणि नऊ वर्षांच्या पोरीला "महिन्याभरासाठी" म्हणून मागे ठेवलं. तो महिना दहा वर्षं चालू होता. मुलगी काटकुळी, कमी बोलणारी, सांगितलेलं ऐकणारी. ओदिलियाने तिला खाऊ घातलं, शिकवलं, मारलं, तापात रात्रभर मांडीवर घेऊन बसली. प्रेम नव्हतं असं म्हणता येणार नाही. सायकलही ओदिलियाचीच जुनी, सीट वर करून दिलेली.

आणि ही पोर चढावर उडायची. पुलापासून क्रूसच्या खिंडीपर्यंत अकरा किलोमीटर चढ. ओदिलियाला शेहेचाळीस मिनिटं लागायची आणि त्याचं गावात कौतुक होतं. यामिले एकटी असली की अडतीस मिनिटांत वर. दुधाचा ट्रक चालवणारा इस्माएल सांगायचा की कार्टी मला ओलांडून जाते आणि वर "येते हो काका" म्हणते. नव्या माणसाचा नंबर शेवटी. या वर्षी ओदिलिया, पुढच्या वर्षी ब्लांका, मग मार्लेन, मग यामिले. कुणाची तक्रार नव्हती.

जत्रेच्या आठवडाभर आधी इस्माएलनेच बातमी आणली. जिल्ह्याच्या बायकांच्या संघाचा प्रशिक्षक, गिल्दार्दो मास्तर, गावोगावच्या जत्रा फिरत होता. त्याला वीस वर्षांच्या आतली एक मुलगी हवी होती. राहायची सोय, चांगली सायकल, कॉलेज, सगळं संघाकडून. इस्माएलने त्याला अडतीस मिनिटांचं सांगितलं होतं, आणि मास्तर ती पोर बघायला कार्मेनच्या शर्यतीला येणार होता. यामिलेला नोव्हेंबरात विसावं संपत होतं.

बातमी ऐकून यामिले त्या दिवशी दोनदा दूध सांडून आली. संध्याकाळच्या धारा काढताना तिने मावशीला विचारलं. विचारलं म्हणजे काय, गाईच्या पोटाआडून पुटपुटली, की मावशी, या वर्षी मला जाऊ द्याल का पुढे, तुमचा नंबर मी फेडीन, माझे सगळे नंबर तुम्ही घ्या. ओदिलियाने धार थांबवली नाही. म्हणाली, बघू.

दुसऱ्या दिवशी मार्लेनने आपल्या बेकरीत तिला आणि ब्लांकाला बसवलं, पुढ्यात गरम चीजपाव ठेवले आणि सरळ विषय काढला. यादी आपण केली, आपणच बदलू. पोरीला या वर्षी जाऊ द्या, पुढच्या वर्षी ओदिलिया, आम्ही दोघी एकेक वर्ष मागे सरकतो. ब्लांका, जिने एकेकाळी लोकांच्या चाकात छत्र्या घातल्या, तीसुद्धा मान हलवत होती. ओदिलियाने चीजपाव संपवला, बोटं पुसली.

"दरड कोसळली तेव्हा मी यादी बदलली होती का?" ती म्हणाली. "मारिबेलसाठी बदलली होती?"

"आम्ही तेव्हाही म्हणालो होतो बदला म्हणून," मार्लेन म्हणाली. "अहो, तुमच्या रक्ताची आहे ती. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, असं नका करू. तुम्हाला पुढच्या जुलैत मिळतंय की. तिला पुढचा जुलै नाही."

"मी एकोणीसची होते तेव्हा मला कुणी दिला होता नंबर?"

मार्लेनने ताटल्या उचलल्या. ओदिलिया घरी गेली आणि यामिलेला म्हणाली, नियम म्हणजे नियम, मास्तर काही फक्त पहिलीलाच बघत नाही, तुम्ही दुसऱ्या या, दुसरीलाही डोळे असणारे लोक बघतात. पोरीने मान डोलावली. तिला पटलं असेलही. एकोणीस वर्षांच्या माणसाला मोठ्यांचं पटतं, हीच तर पंचाईत आहे.

शर्यतीच्या दिवशी सकाळी नऊला पाद्रीबाबांनी चौकात ट्रक, खडखडत्या बसगाड्या, दुधाच्या गाड्या आणि सायकली या सगळ्यांवर एकदमच पवित्र पाणी शिंपडलं, कारण कार्मेन माता ही चाकावर जगणाऱ्या सगळ्यांची आई. ड्रायव्हरांनी भोंगे वाजवले. आर्नुल्फो दारूच्या टपरीपाशी उभा राहून मित्रांना सांगत होता की आमची म्हैस आज नटून आलीय बघा. गिल्दार्दो मास्तर उंच, पांढऱ्या टोपीतला माणूस, गळ्यात दोन घड्याळं. त्याने चौघींशी हात मिळवले, यामिलेच्या पोटऱ्यांकडे जरा जास्त वेळ बघितलं, आणि म्हणाला की पुलापाशी एक घड्याळ लावतो आणि खिंडीच्या शेवटच्या वळणावर दुसरं घेऊन उभा राहतो. म्हणजे डोळ्यांनी बघणार होता ते शेवटचे तीनशे मीटर.

पुलापर्यंतचा सपाट रस्ता चौघी एकत्र गेल्या, एकमेकींच्या आड वारा चुकवत. चढ लागला तशा ब्लांका आणि मार्लेन ठरल्याप्रमाणे मागे पडल्या. मागे पडताना मार्लेन यामिलेच्या शेजारी आली आणि हळूच म्हणाली, जा तू पोरी, आम्ही काही करणार नाही. आमच्याकडे कुणी कुणाला तू म्हणत नाही. मार्लेनने ते म्हटलं. यामिलेने मावशीच्या पाठीकडे बघितलं आणि तिथेच राहिली.

मग दोघीच उरल्या. यामिले पुढे होऊन वारा अंगावर घेत होती, ओदिलिया तिच्या चाकाला चिकटून. सहा किलोमीटर झाले तेव्हा ओदिलियाचा श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला. पोरीने गती कमी केली. आठव्या किलोमीटरला ओदिलियाच्या डाव्या पोटरीत गोळा आला, पोरीने आणखी कमी केली, खिशातून पानात गुंडाळलेली पेरूची वडी काढली, पान सोलून मागे हात केला. ओदिलियाने ती घेतली आणि खाल्ली. पोरीचा श्वाससुद्धा वाढलेला नव्हता. मानेवर घाम नव्हता. ओदिलियाला ते दिसत होतं, एका हाताच्या अंतरावरून, आणि तिला ते सहन होईना. तिने आयुष्यभर ज्यासाठी हाडं झिजवली ते या मुलीला सर्दीसारखं आपोआप झालं होतं.

शेवटून दुसऱ्या वळणाआधी रस्ता जरा सपाट होतो. तिथे एक शब्द पुरे होता. "जा" म्हणायचं. दोन मिनिटांत पोर नजरेआड झाली असती. खिंडीपर्यंतचा वेळ वाया गेलाच होता, पण मास्तरने निदान तिला उडताना बघितलं असतं. ओदिलियाने तोंड उघडलं. त्या क्षणी ती "जा" म्हणणार होती असं ती पुढे मार्लेनला सांगत असे. तेवढ्यात वरून निवेदकाचा भोंगा ऐकू आला, तो सायकलींवरचे रंग ओळखून ओरडत होता, ओदिलिया सियाचोके, त्रेचाळीस वर्षांची आमची ओदिलिया, आणि खिंडीत जमलेली माणसं तिच्या नावाने ओरडायला लागली. तिचं नाव इतक्या लोकांनी एकदम कधी घेतलं नव्हतं.

"मागे व्हा," ती म्हणाली.

यामिले मागे झाली.

"इतक्या जवळ नको. चाकाला चाक लागलेलं बरं दिसत नाही. पाच-सहा सायकलींएवढी जागा सोडा."

यामिलेने अंतर सोडलं. एवढ्यावर थांबली असती तरी चाललं असतं. पण ओदिलियाने मान वळवून बघितलं आणि तिला पोरीचा तो शांत, कोरडा चेहरा दिसला. असा चेहरा घेऊन ती मास्तरासमोरून गेली असती तर कुणाही शहाण्याला कळलं असतं.

"तोंड उघडं ठेवा," ओदिलिया म्हणाली. "खांदे हलवा जरा. दमल्यासारख्या या."

आणि मुलगी तशी आली. तोंड उघडं, खांदे डुलताहेत, डोकं हँडलवर पडलेलं. दहा वर्षं ती या बाईच्या घरात सांगितलेलं करत होती, आणि हेही तिने मन लावून केलं. मास्तरने घड्याळ थांबवलं, बघितलं, भुवया आवळल्या. खिंडीतून दुसऱ्या रस्त्याने गावात परतायचं, तो सगळा उतारच. ओदिलिया हात वर करून चौकात शिरली तेव्हा चर्चची घंटा वाजवली, फटाके लावले. आर्नुल्फो खरंच रडला. मित्रांना म्हणत होता, ही माझी बायको, बघा, माझी. ओदिलियाच्या पोटऱ्या थरथरत होत्या, आणि ती इतकी सुखी होती की तिला भूक लागली. मला वाटायचं असं सुख खोट्या विजयाने होत नसेल. होतं. अगदी तस्सं होतं.

कुणीतरी मेंढी आणून दोरी तिच्या हातात दिली. फोटो काढले. मग गर्दीतून गिल्दार्दो मास्तर आला. त्याची गाडी चालूच होती, दुपारपर्यंत त्याला आणखी एक गाव गाठायचं होतं. त्याने ओदिलियाचं अभिनंदन केलं, तेही मनापासून, या वयात शेहेचाळीस मिनिटं म्हणजे गंमत नाही म्हणाला. यामिले चार पावलांवर मावशीची सायकल धरून उभी होती.

"दूधवाल्याने मला अडतीस सांगितलं होतं," मास्तर म्हणाला. "दुधात पाणी घालणारे वेळेतही घालतात म्हणायचं. पण पोटऱ्या बघून मला वाटलं होतं काहीतरी. तुम्ही रोज हिच्याबरोबर असता, तुम्हीच सांगा. आज हिची तब्येत बरी नाही का? ताप वगैरे? तसं असेल तर मी पुढच्या रविवारी परत येतो, एकटीला चढवून बघतो."

देवाने ताट वाढून पुढ्यात ठेवलं होतं. खरं सांगायचीही गरज नव्हती. ताप होता म्हणायचं, पोट बिघडलं म्हणायचं. मेंढी राहिली असती, फळ्यावरचं नाव राहिलं असतं, गावाला नंबराचं काही कळलं नसतं. फक्त एवढंच झालं असतं की लोक म्हणाले असते, ओदिलिया जिंकली खरी, पण पोर आजारी होती म्हणून.

ओदिलियाने यामिलेकडे बघितलं. यामिलेनेही तिच्याकडे बघितलं. त्या बघण्यात मागणं होतं, आणि ते मावशीला नीट समजलं.

"तब्येत ठणठणीत आहे," ओदिलिया म्हणाली. "सकाळी दोन अंडी आणि वाडगाभर बटाट्याचा रस्सा खाऊन आलीय. मुलगी गुणाची आहे, मेहनती आहे. पण तेवढीच आहे हो ती."

मास्तरने मान हलवली, वहीत एक रेघ मारली. जाताना यामिलेच्या खांद्यावर थोपटून म्हणाला की सायकल सोडू नका, तब्येतीला चांगली असते. मग गाडीत बसला आणि गाडी बाजाराच्या गल्लीतून निघून गेली. मार्लेन हे सगळं ऐकत उभी होती. तिने आपल्या डोक्यावरचं हेल्मेट काढलं, बेकरीकडे चालू लागली, आणि त्या दिवसापासून ओदिलियाला तिने पाव विकला पण खुर्ची दिली नाही.

ओदिलिया मेंढीची दोरी गुंडाळत होती. यामिले सायकल ढकलत तिच्याजवळ आली. रडली नव्हती. आवाजही नेहमीचाच, हळू, आदराचा.

"मावशी, माझा नंबर कधी येतो?"

प्रश्न टोमण्याचा होता की खराच होता, हे ओदिलियाला तेव्हाही कळलं नाही आणि नंतरही नाही. ती नियमाची बाई. तिने बोटांवर मोजलं. पुढच्या जुलैत ब्लांका. त्याच्या पुढच्या जुलैत मार्लेन.

"तीन वर्षांनी," ती म्हणाली. "तेव्हा तुम्हाला कुणी अडवणार नाही."

"बरं," यामिले म्हणाली, आणि मेंढी घरी न्यायला तिने मावशीच्या हातातून दोरी घेतली.